पार्श्वभूमी : कपाटातल्या प्रोजेक्टपासून पहिल्या नमुन्यापर्यंत

विद्यार्थ्याच्या डोक्यातली कल्पना आणि हातात धरता येईल असा तिचा पहिला नमुना, यांच्यातलं अंतर नागपुरात फार जुनं आहे. ते कमी व्हावं म्हणून पहिला मोठा पैसा सरकारी योजनेतून आला नाही, एका मृत्युपत्रातून आला. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० मध्ये ते वारले, तेव्हा सुमारे ३५ लाख रुपये त्यांनी नागपूर विद्यापीठाच्या नावे ठेवले होते, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. त्या पैशातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, उभी राहिली आणि तेल, रंग, अन्नप्रक्रिया असे थेट कारखान्याशी नातं सांगणारे विषय इथे शिकवले जाऊ लागले. २०२३ मध्ये ही संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली आणि तिच्या नावात ‘इनोव्हेशन’ हा शब्द आला.

१९६० मध्ये व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, सुरू झालं. पुढे खासगी कॉलेजं वाढली, हिंगण्याची एमआयडीसी वाढली. तरी दोघांमधला रस्ता मुख्यतः नोकरीचाच राहिला. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे चार मुलं, एक गाइड, जाड पुठ्ठ्याचा रिपोर्ट, व्हायवा आणि मग कपाट. तयार प्रोजेक्ट विकत आणून स्वतःचा म्हणून दाखवणारेही होते, आणि ते कुणाला खटकत नसे याचा मला आजही राग येतो. आमच्या वर्षी एका गटाने संत्री आकारानुसार वेगळी करणारं यंत्र मात्र खरोखर स्वतः बनवलं होतं. व्हायवानंतर त्याची मोटर पुढच्या बॅचने काढून घेतली आणि सांगाडा जिन्याखाली गंजत राहिला.

दोष मुलांचा नव्हता. प्लास्टिकचा एक साधा भाग हवा, तर साच्याचा खर्च लाखात. एकच नग कोण करून देणार? ही अडचण सुटायला सुरुवात झाली ती कॉलेजबाहेर. २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. २००५ मध्ये आर्दुइनो हा यंत्रं चालवणारा स्वस्त, छोटा सर्किट बोर्ड आला. २००९ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगच्या, म्हणजे थरावर थर देऊन वस्तू ‘छापण्याच्या’, एका मुख्य पद्धतीचं पेटंट संपलं आणि लाखोंची यंत्रं हजारांत यायला लागली. भाग रात्री छापायचा, सकाळी बसवून बघायचा, चुकला तर पुन्हा छापायचा, हे विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. माझ्या मते कुठल्याही धोरणापेक्षा हा बदल मोठा आहे.

धोरणं त्यानंतर भराभर आली. १६ जानेवारी २०१६ ला ‘स्टार्टअप इंडिया’ जाहीर झालं. केंद्राच्या ‘निधी-प्रयास’ योजनेतून पहिल्या नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रमासाठी वेगळं मंडळ आणलं, २०१८ मध्ये राज्याचं स्टार्टअप धोरण आलं. त्याच सुमारास शहरात आयआयएम (२०१५) आणि ट्रिपलआयटी (२०१६) आल्या.

विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाचं महत्त्व जास्त, कारण त्याने मुलांच्या रोजच्या अडचणींना हात घातला. प्रोजेक्टच्या जागी स्वतःचा स्टार्टअप दाखवता यावा, हजेरी कमी पडली तरी परीक्षेला बसता यावं, आणि कॉलेजचा पैसा किंवा साधनं वापरली नसतील तर शोधाची मालकी विद्यार्थ्याचीच राहावी, असं ते सांगतं. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटचं शुल्क ८० टक्क्यांनी कमी झालं.

नागपूरची खरी ताकद मात्र कागदावर दिसत नाही. पर्यावरणासाठी नीरी १९५८ पासून इथे आहे, कापसाची केंद्रीय संस्था १९७६ पासून, लिंबूवर्गीय फळांची १९८५ पासून. शेतकरी तासाभराच्या अंतरावर. नमुना तपासायला याहून चांगली जागा कुठली? अडतं ते वेळापत्रकाशी. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि व्हायवा असतो मे महिन्यात. आमच्या त्या गटाने परीक्षकांसमोर यंत्रात रबरी चेंडू सोडले होते. सालीला ओरखडा पडतो का, देठ अडकतो का, हे कळायला मार्गच नव्हता. आता प्रोजेक्ट सहाव्या सेमिस्टरलाच हातात पडला, तर पहिला नमुना आंबियाच्या तोडणीला काटोलच्या एखाद्या बागेत पोहोचू शकतो आणि दुरुस्त केलेला दुसरा मृगाच्या तोडणीला.