उटणे

अंगाला तेल चोळल्यानंतर आणि आंघोळीच्या आधी लावायच्या सुगंधी वनस्पतींच्या बारीक चूर्णाला उटणे म्हणतात. दूध, पाणी किंवा गुलाबपाण्यात कालवून ते अंगावर चोळतात आणि कोमट पाण्याने धुऊन टाकतात. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी जोडले गेले आहे. लग्नाआधीची हळद, बाळंतिणीचे न्हाण आणि तान्ह्या बाळाची आंघोळ या प्रसंगी त्याची साधी, घरगुती रूपे वापरात असतात.

मराठीत 'तेल-उटणे' असा जोडशब्द आहे आणि त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेल, मग उटणे. त्वचेत जिरून उरलेले तेल आणि त्याबरोबर सुटलेला मळ काढून घेणे हे उटण्याचे मूळ काम. कोरड्या अंगावर, तेलाशिवाय उटणे चोळले की त्वचा ओढल्यासारखी होते आणि 'उटण्याने अंग कोरडे पडते' अशी तक्रार सुरू होते. त्यात दोष उटण्याचा नसतो, आधी तेल न लावण्याचा असतो.

नाव आणि जुने उल्लेख

उटणे हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन'पासून आला. हिंदीतला 'उबटन' त्याच मुळाचा. गणपतीच्या आरतीतल्या 'चंदनाची उटी'मधली उटीही याच घरातली. ती मात्र धुऊन टाकायची नसते, अंगावर ठेवायची असते. पंढरपूरला उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावतात ती थंडाव्यासाठी. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती घडवला या कथेच्या काही रूपांत तो मळ उटण्याचाच आहे. अंग चोळताना सुटणाऱ्या पिठाच्या वळकट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना कुठून सुचली असेल हे सांगावे लागत नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येचा क्रम अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा आहे. उद्वर्तनाने कफ आणि मेद कमी होतो, अवयव घट्ट होतात आणि त्वचा प्रसन्न होते, असे तिथे म्हटले आहे. 'त्वक्प्रसाद' हा त्यातला शब्द मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्वचा निर्मळ, प्रसन्न होणे एवढाच त्याचा अर्थ. गोरे होण्याची गोष्ट त्यात कुठेच नाही. चरकसंहितेत वर्ण उजळ ठेवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण दिला आहे. त्यातली चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ आणि अनंतमूळ ही पाच द्रव्ये आजही काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याच्या यादीत मिळतात.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोगांमध्ये स्नानभोग आणि विलेपनभोग यांना स्वतंत्र जागा आहे. मराठीच्या दृष्टीने त्याहून मोलाचा ऐवज म्हणजे 'गंधवाद' हा सुगंधी द्रव्यांवरचा ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याची पोथी उजेडात आणली. तिच्यात संस्कृत मजकुरावर मराठी टीका आहे. म्हणजे चूर्णे कुटणे, वास देणे, तेले सिद्ध करणे हे ज्ञान मराठीतून समजावून घेणारे लोक काही शतकांपूर्वी होते. आज उटण्याच्या पाकिटावर कसलीच माहिती नसते, तेव्हा या पोथीची आठवण होते.

घटक

उटण्याचे घटक तीन प्रकारचे असतात: अंग देणारे पीठ, वास देणारी मुळे-कंद-फुले, आणि रंग किंवा औषधी गुण देणारी द्रव्ये.

पीठ बहुधा मसूरडाळीचे किंवा हरभरा डाळीचे. मसुरीचे पीठ त्वचेवर मऊ लागते, बेसन तेल जास्त ओढते. त्यात मुलतानी माती घालतात, पण थोडीच. कोरड्या त्वचेच्या माणसाने ती वगळली तरी काही बिघडत नाही.

वासाचा भाग सर्वांत समृद्ध आहे. नागरमोथा हे लव्हाळ्याच्या कुळातल्या गवताचे कंद. तुकोबांच्या अभंगात महापुरात झाडे वाहून गेली तरी वाचणारे लव्हाळे ते हेच कुळ, आणि शेतकऱ्याला नको असलेले तण म्हणूनही ते परिचित आहे. ओढ्याकाठच्या, शेताच्या कडेच्या अशा गवताचा कंद वाळवून कुटला की मातीचा आणि किंचित कापरासारखा वास येतो. वाळा उन्हाळ्यात माठात टाकतात तोच. 'गव्हला-कचोरा' ही जोडी यादी वाचताना एका दमात उच्चारली जाते. कचोरा हा हळदीच्या कुळातला कंद आहे. याशिवाय वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दवणा, मरवा, जटामांसी. संत्र्याची साल घरीच सावलीत वाळवता येते. नागपूरकडच्या संत्र्यांचा हंगाम थंडीत येतो, म्हणून पुढच्या दिवाळीची साल आधीच्या हिवाळ्यात साठवून ठेवणारी घरे आहेत.

चंदन हा यादीतला सर्वांत महाग घटक. आजच्या स्वस्त पाकिटात खरे चंदन असेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण त्या किमतीत ते बसतच नाही. वास अत्तराचा असतो. ज्यांच्याकडे देवघरात सहाण आणि खोड आहे त्यांनी चार-सहा वळसे घासलेले गंध कालवलेल्या उटण्यात मिसळावे. चंदनाचा खरा वास येण्याचा तोच भरवशाचा मार्ग.

हळदीबाबत नेहमी घोटाळा होतो. स्वयंपाकाची हळद अंगाला लावली की पिवळेपणा दोन दिवस राहतो, म्हणून उटण्यात आंबेहळद घालतात. तिचा रंग फिका आणि वास कैरीसारखा असतो. बाजारात रानहळद, कस्तुरी हळद आणि आंबेहळद ही नावे सर्रास एकमेकांऐवजी वापरली जातात, त्यामुळे अख्खा कंद घेऊन वास पाहिलेला बरा. जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या रीतीवर 1995 मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळाले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. घरगुती माहिती लिहून ठेवण्याचे महत्त्व या प्रकरणाने अनेकांना पटले.

घरी करण्याची पद्धत

मसूरडाळीचे पीठ 250 ग्रॅम, मुलतानी माती 50 ग्रॅम, नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबपाकळी आणि संत्रासाल प्रत्येकी 25 ग्रॅम, आंबेहळद 10 ते 15 ग्रॅम असे प्रमाण चार-पाच माणसांच्या घराला दिवाळी आणि पुढचे काही रविवार पुरते. मुळे आणि कंद आधी खलबत्त्यात ठेचून घ्यावेत. अख्खे टाकले तर मिक्सरचे पाते अडकते. मग सगळे दळून वस्त्रगाळ करावे, म्हणजे पातळ सुती कापडातून चाळावे. ही पायरी लोक कंटाळून टाळतात आणि तीच टाळू नये. वाळ्याचे तंतू आणि सालीचे कण राहिले तर ते त्वचेला खरवडतात. उरलेला चोथा फेकू नये, कापडात पुरचुंडी बांधून आंघोळीच्या गरम पाण्यात सोडावा.

कोरडे चूर्ण कोरड्या बरणीत दोन-तीन महिने वास टिकवून राहते. एकदा कालवलेले मात्र त्याच वेळी संपवायचे. दूध घातलेले उटणे उद्यासाठी ठेवण्याजोगे नसते.

केव्हा आणि कसे

आश्विन वद्य चतुर्दशीला, म्हणजे नरक चतुर्दशीला, सूर्योदयाआधी उठून तिळाचे कोमट केलेले तेल लावतात. घरातली मोठी बाई पाटावर बसवून टाळूवर तेल घालते, पाठ चोळते, मग उटणे. न्हाताना मध्येच ओवाळणे, आघाड्याची डहाळी अंगावरून फिरवणे आणि आंघोळीनंतर अंगणात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावणे अशा रीती घराघरांत थोड्याफार फरकाने आहेत. थंडी सुरू होताना त्वचा फुटू लागते, त्या वेळी हे स्नान येते. पूर्वी त्या दिवसापासून थंडी सरेपर्यंत अधूनमधून तेल-उटणे होत असे. आता ते एका पहाटेपुरते उरले, हे नुकसान आहे.

लग्नात वधूवरांना लागते ती हळद हे उटण्याचेच ओले रूप. आंब्याची पाने बांधलेल्या जात्यावर ती दळतात, तेलात कालवतात, आधी वराला लावतात आणि उरलेली 'उष्टी हळद' वधूकडे जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नारळाचा रस अंगाला लावण्याची 'रोस' ही रीत आहे. द्रव्य बदलले, पण स्निग्ध पदार्थ चोळून न्हाऊ घालण्याची कल्पना तीच राहिली.

काम कसे करते

डाळीच्या पिठातला स्टार्च आणि प्रथिने तेल धरून ठेवतात, पाणी ओतले की पिठाबरोबर तेलही निघून जाते. डाळींत थोडी सॅपोनिनेही असतात. शिकेकाई आणि रिठ्याला फेस येतो तो याच द्रव्यांमुळे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण 5 च्या आसपास, किंचित आम्ल असतो. वडीच्या साबणाचा 9 ते 10 पर्यंत जातो. डाळीचे पीठ पाण्यात कालवले तर मिश्रण जवळपास उदासीनच राहते आणि तेलाचा पातळ थर त्वचेवर शिल्लक ठेवते. उटणे लावल्यावर अंग तुकतुकीत दिसते त्याचे कारण हा उरलेला थर आणि निघून गेलेल्या मृत पेशी. त्वचेचा मूळ रंग उटण्याने बदलत नाही.

हे स्पष्ट सांगण्याची गरज आहे, कारण 'गोरेपणासाठी उटणे' अशा शब्दांत ते अजूनही विकले जाते. 1975 मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातला 'फेअर' काढला. घराघरांतल्या बोलण्यातून तो शब्द काढणे अजून बाकी आहे. सावळ्या मुलीला लग्नाआधी महिनाभर हळद-बेसन चोळत बसवणे ही तिच्या त्वचेची काळजी नव्हे.

सावधगिरी

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे समजू नये. बावची ही वनौषधी काही जुन्या यादीत असते. तिच्यातल्या सोरालेनमुळे उन्हात गेल्यावर त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात, म्हणून ती घरच्या उटण्यात घालूच नये. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळण्याचा सल्ला फार पसरला आहे. लिंबू अतिशय आम्ल असते आणि उन्हाबरोबर तेही असेच डाग पाडते. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने उलट्या बाजूने त्रास देतो. सुट्या हळदीत मेटॅनिल यलोसारखे रंग मिसळल्याचे प्रकार घडतात, त्यामुळे हळकुंड आणून दळणे चांगले. नवे उटणे आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. मुरुमे पिकलेली असतील, इसब किंवा जखम असेल तर चोळणे टाळावे.

तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून पिठाचा गोळा अंगावर फिरवण्याची पद्धत सोडून द्यावी. ती लव आपोआप गळते, आणि बाळाची नाजूक त्वचा घासण्याने सोलते. बाळाला हलक्या हाताने तेल पुरते.

उटण्याने डाग जात नाहीत म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणणे ही त्याहून धोक्याची गोष्ट. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. काही दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

बाजार

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस उटण्याची पाकिटे सगळीकडे दिसू लागतात. महिला बचत गटांसाठी हा हंगामी उत्पन्नाचा भरवशाचा मार्ग आहे, आणि त्यांचा माल बहुधा ताजा असतो. शहरांत स्थानिक पुढारी आपल्या छायाचित्रासह फुकट पुड्या वाटतात. एका पुडीत एका माणसाला धड पुरेल एवढेही उटणे नसते आणि घटकांची यादी क्वचितच असते. ज्या पाकिटावर घटक, वजन आणि तयार केल्याचा महिना नाही ते अंगाला लावू नये.

आंघोळीनंतर

उटण्याने न्हाल्यावर, अंग पुरते कोरडे होण्याआधी, स्निग्ध काहीतरी लावायची जुनी पद्धत होती. घाटावर त्यासाठी लोणी किंवा साय, किनाऱ्यावर खोबरेल. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचे तेल काढतात. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढून घेतात आणि थिजू लागले की मुठीत दाबून गोळे करतात. त्यावरून त्याला मुठेल म्हणतात. ते साध्या हवेत घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने हळूहळू विरघळते, त्यामुळे भेगाळलेल्या टाचांत नीट बसते. रात्री पाय धुऊन, गोळा दिव्यावर जरा तापवून भेगांत भरतात आणि जुना सुती मोजा चढवतात. एक गोळा एका माणसाला सगळा हिवाळा पुरतो.