नेरळ-माथेरान: वळणांवर उभ्या राहिलेल्या रेल्वेची पार्श्वभूमी

कर्जतकडे जाणारी लोकल नेरळ सोडून पुढे गेली, की तिच्या ब्रॉडगेज रुळांशेजारी अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ दिसतात. पर्यटक या मार्गावरच्या गाडीला ‘मिनी ट्रेन’ म्हणतात, कौतुकाने ‘माथेरानची राणी’ असेही म्हणतात. या लाडक्या नावांमुळे ही गाडी सुट्टीतल्या करमणुकीची एक वस्तू आहे, असा समज रूढ झाला आणि तिच्या २१ किलोमीटरच्या मार्गात दडलेल्या अभियांत्रिकीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. हा मार्ग असाच का आखला गेला, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढून गेले आणि त्यांनी या ठिकाणाचा ‘शोध’ लावला, असे सर्वत्र लिहिले जाते. ठाकर, कातकरी आणि धनगर मंडळी या डोंगराच्या अंगाखांद्यावर त्याआधीपासून वावरत होती, त्यामुळे शोध हा शब्द जपूनच वापरायला हवा. मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना आणि शहरातल्या धनिकांना हवापालटासाठी जवळची जागा मॅलेट यांच्यामुळे मिळाली, हे मात्र खरे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तेथे वस्ती वाढवण्यास पाठबळ दिले. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा नेरळवरून खोपोलीकडे गेला आणि डोंगराचा पायथा मुंबईच्या टप्प्यात आला. त्यानंतरची चढण मात्र पुढची पन्नास वर्षे घोड्यावर, पालखीत किंवा पायीच पार करावी लागत होती.

ही उणीव एका खासगी घराण्याने भरून काढली. मुंबईतील बोहरा समाजाचे उद्योगपती आणि शहराचे शेरीफ राहिलेले सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी प्रत्यक्ष बांधणी हाती घेतली. काम १९०४ मध्ये सुरू झाले, सुमारे १६ लाख रुपये खर्च आला आणि २२ मार्च १९०७ रोजी मार्ग वाहतुकीस खुला झाला. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे त्यांनीच उभारली होती, त्यामुळे अरुंद गेजवर, म्हणजे दोन रुळांमधील अंतर कमी असलेल्या मार्गावर, किती भार पेलतो आणि कुठे काटकसर करता येते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

अभियंत्यांपुढचा पेच आकड्यांतून स्पष्ट होतो. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे, तर माथेरान सुमारे ८०० मीटरवर. दोहोंमधील सरळ अंतर साधारण ७ किलोमीटर भरते. रूळ सरळ रेषेत टाकले असते, तर दर ९ मीटरला १ मीटर चढावे लागले असते, आणि एवढ्या चढावर वाफेच्या इंजिनाला केवळ चाक आणि रूळ यांच्यातील घर्षणाच्या जोरावर डबे वर ओढणे जवळपास अशक्य असते. यावर तेव्हा दोन उपाय प्रचलित होते. निलगिरीच्या मार्गावर रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाचे दंतचक्र त्यात अडकवले गेले. दार्जिलिंगच्या मार्गावर गाडी उलट-सुलट मागे घेत टप्प्याटप्प्याने वर नेली गेली. नेरळपासून जवळच असलेल्या बोरघाटातही १८६३ पासून असे उलट फिरण्याचे स्थानक होते, आणि तेथील चढ ३७ मीटरला १ मीटर इतकाच होता.

माथेरानच्या मार्गाने या दोन्ही युक्त्या नाकारल्या. येथे दातेरी रूळ नाही आणि गाडी कुठेही उलट चालवावी लागत नाही. अंतरच तिप्पट करून चढ पसरवून दिला आणि त्यासाठी डोंगराच्या उतारावर दोनशेहून अधिक वळणे घातली गेली. तरीही कठीण जागी २० मीटरला १ मीटर असा चढ राहिलाच. तुलनेसाठी पाहायचे तर कालका-शिमला मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ ३३ मीटरला १ मीटर आहे.

इतकी वळणे शक्य झाली ती दोन फुटी गेजमुळे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, पण दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने कुठेतरी ती घासतातच. दोन फुटी रुळांनी अर्धवर्तुळ पूर्ण केले, तर हा फरक साधारण २ मीटरचा होतो. ब्रॉडगेजला तो ५ मीटरहून जास्त झाला असता. येथील सर्वांत तीव्र वळणांची त्रिज्या फक्त १८ मीटरच्या आसपास आहे.

नेरळहून निघाल्यावर मार्ग थोडा वेळ मुंबई-पुणे लोहमार्गाच्या सोबतीने जातो आणि मग डोंगराकडे वळतो. जुम्मापट्टी स्थानक येण्याच्या सुमारास चढ जाणवू लागतो. पुढे घोड्याच्या नालेसारखे एक मोठे वळण भराव घालून बांधले आहे. ते नसते, तर गाडी उलट फिरवण्याचे स्थानक करावेच लागले असते. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्थानकांच्या दरम्यान मार्गावरचा एकमेव बोगदा लागतो, आणि तो इतका आखूड आहे की प्रवासी त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. त्यानंतर गाडी पॅनोरमा पॉइंटच्या कड्याखालून वळसे घेत माथ्यावर येते. काळ्या कातळाची जागा आता जांभा घेतो, खोदाईच्या दोन्ही बाजूंना लाल भिंती दिसू लागतात आणि अमन लॉज स्थानकानंतर झाडीतून माथेरान स्थानक येते.

या वळणांसाठी इंजिनही वेगळे लागत होते. जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन आणि कोपेल कारखान्याने सहा चाकांची चार इंजिने बनवली, ज्यांना ७३८ ते ७४१ असे क्रमांक होते. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसांची रचना पाहण्यासारखी आहे. चाके एका पोकळ नळीवर बसवलेली असत आणि त्या नळीच्या आत खरा आस फिरे. दोहोंना मध्यभागी एक गोलाकार सांधा जोडून ठेवी. त्यामुळे चाकांना फिरवणारे दांडे आपल्या सरळ रेषेतच चालत, आणि चाके मात्र वळणाप्रमाणे किंचित तिरकी होत. चढावर ताकद देणारी सहाही चाके वळणावर अडकू नयेत, यासाठी ही सगळी खटपट होती, आणि माझ्या मते या मार्गावरची सर्वांत सुंदर कल्पना हीच. पुढे, १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि कालांतराने वाफेची इंजिने मागे पडली.

उतरणीची चिंता चढणीपेक्षा मोठी असते. या गाडीत बराच काळ डब्यांवर बसलेले कर्मचारी इंजिनाच्या शिटीची खूण ऐकून हाताने ब्रेक आवळत असत. मे २०१६ मध्ये गाडी दोनदा रुळांवरून घसरल्यानंतर सेवा थांबवण्यात आली आणि एअर ब्रेकचे काम हाती घेण्यात आले. अमन लॉज ते माथेरान हा टप्पा ऑक्टोबर २०१७ मध्ये, तर संपूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला.

डोंगर न कापता त्याच्या अंगावरून जाण्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. अनेक वळणे कुठल्या ना कुठल्या ओढ्याला आडवी जातात, आणि वरून आलेले पाणी रुळांखालची खडी व माती घेऊन जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाचे इतके नुकसान झाले, की शताब्दीच्या तोंडावर, मार्च २००७ मध्ये, तो पुन्हा सुरू होऊ शकला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा उखडला. जाळीच्या पिंजऱ्यांत दगड भरून संरक्षक भिंती उभारल्यानंतर, २२ ऑक्टोबर २०२२ रोजी, नेरळहून गाडी पुन्हा वर गेली.

माथेरानमध्ये पेट्रोल-डिझेलवरच्या मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे नाक्याजवळच्या अमन लॉजपासूनच्या सुमारे ३ किलोमीटरच्या शटल सेवेवर स्थानिक रहिवाशांचीही भिस्त आहे. घाटातील मोठा टप्पा दरवर्षी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवला जातो. त्या काळातही ही शटल भर पावसात माथ्यावर चालू असते.