कूटबद्ध क्लाउड साठवणीत लिनक्सची मागणी

फाइल वापरकर्त्याच्या संगणकावरच कूटबद्ध करून मग सर्व्हरवर पाठवणाऱ्या साठवणसेवांनी विंडोज आणि मॅकप्रमाणे लिनक्स या मोफत संगणकप्रणालीसाठीही स्वतःचे सिंक ॲप (फोल्डर आणि सर्व्हर आपोआप जुळते ठेवणारा प्रोग्राम) द्यावे, ही वापरकर्त्यांची जुनी मागणी. अशा सेवांना एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड किंवा झिरो-नॉलेज साठवण म्हणतात. किल्ली पासवर्डाच्या आधारे वापरकर्त्याकडेच तयार होते किंवा उघडते. कंपनीकडे जातात ते फक्त न वाचता येणारे बाइट.

मागणीचे मूळ

साध्या क्लाउडला पळवाटा असतात. गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये सुरू झाली. लिनक्ससाठी तिचे अधिकृत सिंक ॲप आले नाही, तरी लिनक्सवाल्यांचे फारसे अडले नाही. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये खाते जोडले की ड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसे, आणि आज्ञा टाइप करून क्लाउडशी फाइलींची ने-आण करणारे आरक्लोन तर होतेच. वेबडॅव्ह (वेबवरून फाइली हाताळण्याची प्रमाणित पद्धत) देणाऱ्या सेवेला जवळजवळ कोणताही फाइल मॅनेजर थेट जोडता येतो.

कूटबद्ध सेवेत हे जमत नाही. सर्व्हरकडे फाइलचा मजकूर नसतो, बहुतेकदा नावही नसते. तिथे आडवाटेने पोहोचलेल्या प्रोग्रामच्या हाती भुसाच लागतो. कुलूप लावणे, उघडणे, नावे उलगडणे, बदलांचा हिशेब ठेवणे ही सगळी कामे ॲपची. म्हणून इथे ॲप नाही म्हणजे जवळपास सेवाच नाही.

‘ब्राउझरमधून वापरा’ हे कंपन्यांचे ठरलेले उत्तर. फाइल कधीमधी उतरवून घ्यायची असेल तर ते ठीक आहे. पण ब्राउझर फोल्डरवर नजर ठेवत नाही, आणि मोठी फाइल चढत असताना टॅब बंद झाला की बहुधा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय कुलूप उघडणारा कोड प्रत्येक वेळी त्याच सर्व्हरवरून येतो, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून ही सेवा घेतलेली असते.

कंपन्या का रेंगाळतात

स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभरातील डेस्कटॉपमधला लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा ४ टक्क्यांवर गेला. एवढ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा चमू ठेवणे व्यवस्थापनाच्या गळी उतरत नाही. त्यात एक पेच आहे. ॲप नाही म्हणून लिनक्सवाला वर्गणी भरत नाही, आणि तो वर्गणीदारांत दिसत नाही म्हणून ॲप होत नाही. गोपनीयतेचा धंदा करणाऱ्या कंपन्या वापराची माहिती मुद्दाम कमी गोळा करतात, त्यामुळे खरी संख्या त्यांनाही नीट कळत नाही.

तांत्रिक अडचणी मात्र बहाणे नव्हेत. फाइल यादीत दिसावी पण डिस्कवर जागा न खाता मागितल्यावरच उतरावी, यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून तयार सोय आहे आणि मॅकमध्ये फाइल प्रोव्हायडर आहे. लिनक्सवर सर्वांना चालेल अशी तशी सोय नाही. तिथे फ्यूजवर, म्हणजे साध्या प्रोग्रामला स्वतःची ड्राइव्ह दाखवू देणाऱ्या सोयीवर, काम भागवावे लागते. ते २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल २.६.१४ मध्ये, आले. त्यातही आवृत्त्यांचा घोळ. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीपासून फ्यूजची जुनी लायब्ररी लिबफ्यूज२ मूळ स्थापनेत नसते, त्यामुळे बऱ्याच ॲपइमेज (स्थापना न करता चालणाऱ्या एकसंध ॲपच्या) फाइलींवर दोनदा क्लिक केले तरी काहीच घडत नाही आणि चूकही दिसत नाही. ते पॅकेज घातले की ॲप उघडते, २४.०४ मध्ये त्याच्या नावाला शेवटी ‘टी६४’ जोडलेले आहे. ट्रेमधले (पडद्याच्या पट्टीवरचे) ॲपचे चिन्ह ग्नोमने ३.२६ पासून काढून टाकले, त्यामुळे सिंक चालू आहे की बंद हे दाखवायलाही एक्स्टेन्शन लागते.

फोल्डरमधले बदल टिपणारे आयनोटिफाय प्रत्येक उपफोल्डरसाठी वेगळा पहारा लावते. जुन्या कर्नलवर त्याची मर्यादा बहुधा ८,१९२ असे, कर्नल ५.११ पासून ती रॅमच्या प्रमाणात ठरते. मर्यादा संपली की पुढच्या फोल्डरांतले बदल टिपलेच जात नाहीत, आणि वापरकर्त्याला वाटते सगळे वर गेले.

कोण काय देते

मेगा लिनक्ससाठी सिंक ॲप देते आणि टर्मिनलसाठी (आज्ञा टाइप करून वापरायला) मेगासीएमडी वेगळे. ट्रेझोरिट आणि फिलेन यांचीही लिनक्स ॲप आहेत. पीक्लाउडचे ॲपइमेज मिळते, पण तिथे किल्ली आपल्याकडे राहते ती फक्त ‘क्रिप्टो’ फोल्डरमधल्या फाइलींची, आणि त्याचे पैसे वेगळे. प्रोटॉन ड्राइव्हचे विंडोज ॲप जुलै २०२३ मध्ये आले, मॅकचे नोव्हेंबर २०२३ मध्ये. लिनक्सचे त्यांच्याबरोबर आले नाही, म्हणून या सेवेबाबत मागणीचा सूर सर्वांत चढा राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये आरक्लोन १.६४ ने प्रोटॉनची जोडणी दिली. पण ती कंपनीच्या दस्तऐवजावर उभी नाही. खुला क्लायंट कोड वाचून आणि ब्राउझरची ये-जा पाहून बांधलेली आहे. सर्व्हरच्या बाजूने काही बदलले की ती अडखळते. एकमेव प्रत अशा जोडणीवर ठेवू नये.

ॲप असले म्हणजे भागले असेही नाही. ड्रॉपबॉक्सने (ही कूटबद्ध सेवा नव्हे) नोव्हेंबर २०१८ पासून लिनक्सवर फक्त एक्स्ट४ ही फाइलसिस्टिमच (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) चालेल असे ठरवले होते आणि २०१९ मध्ये बीटीआरएफएस, एक्सएफएस, झेडएफएस पुन्हा आत घेतल्या. अधेमधे अडकलेल्यांना डिस्कचे विभाजन बदलावे लागले.

सोलापुरातील वापर

ही गरज छोट्या धंद्यात कशी दिसते, यासाठी सोलापूरचे उदाहरण घेऊ. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात साधारण दोन-तीन संगणक असतात. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून जुन्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे स्वस्त पडते. टॅलीसाठी मात्र एक विंडोज संगणक ठेवावाच लागतो, आणि जकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे) बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअरही विंडोजवरच चालते. म्हणजे ऑफिस मिश्र. एकाच फोल्डरला दोन्हीकडून हात लागतो आणि लिनक्सकडची बाजूच उघडी पडते. कूटबद्ध साठवण हवी असण्याचे कारण साधे आहे: नवी नक्षी बाजारात येण्याआधी बाहेर गेली की हंगाम हातचा जातो.

नक्षीच्या फाइली आधी दाबून घ्याव्यात, मग कुलूप लावावे. समजा २,६८८ हुकांच्या (उभे धागे उचलणाऱ्या) इलेक्ट्रॉनिक जकार्डसाठी ३,००० पिकची (आडव्या धाग्यांची) नक्षी आहे. ८ बिटांच्या बीएमपीत ती सुमारे ८ एमबी होते. त्यात मोजके रंग आणि लांबच लांब सारखे पट्टे असतात, त्यामुळे झिप केल्यावर ती बरीच आकसते. कूटबद्ध झाल्यावर मात्र तीच फाइल कशानेही दबत नाही. ४० जीबीचा जुना साठा २० एमबीपीएस अपलोडवर चढायला साडेचार तास लागतात. नेट तुटले, वीज गेली तर त्याहून जास्त.

देवनागरी नावांचा त्रास

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही, आणि मराठी ऑफिसात सर्वांत आधी हाच नडतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘सोलापूर’ डोळ्याला चार अक्षरे, पण चिन्हे ७ आणि बाइट २१. एक्स्ट४ वर नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे ८५ चिन्हे. आरक्लोनच्या ‘क्रिप्ट’ या कुलूप लावणाऱ्या सोयीत नावही कूटबद्ध केले तर मूळ नावाला सुमारे १४३ बाइटच उरतात, म्हणजे ४७ चिन्हे. ‘सोलापूर’ सलग सहा वेळा लिहा, सातव्याला जागा नाही. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, मालाचा प्रकार आणि तारीख एकाच नावात कोंबण्याची सवय असलेल्यांच्या फाइली इथे अडकतात. क्रिप्टोमेटर हा फाइली कूटबद्ध करणारा प्रोग्राम २२० अक्षरांपुढची कूटनावे स्वतःच आखूड करतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

दुसरा त्रास ‘ऱ्या’चा. ‘व्यापाऱ्यांची उधारी’ हे नाव तीन प्रकारे साठवले जाऊ शकते: ‘ऱ’ हे एकच चिन्ह आणि हलंत; ‘र’, नुक्ता (खालचे टिंब) आणि हलंत; किंवा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखी, लिनक्सच्या लेखी तीन वेगळ्या फाइली. एका कीबोर्डवर केलेली फाइल दुसऱ्याने शोधली तर सापडत नाही, आणि सिंकनंतर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी बसतात. साध्या सेवेत सर्व्हर अशी जोडी ओळखू शकतो. कूटबद्ध सेवेत दोन्हींची कूटनावे पूर्णपणे वेगळी असतात, सर्व्हरला काहीच कळत नाही. कॉन्व्हएमव्ही या नावे बदलणाऱ्या साधनाचा एनएफसी (चिन्हे एकजीव करणारा) पर्याय पहिले दोन प्रकार एक करतो. तिसऱ्यासाठी नाव हातानेच बदलावे लागते. ऑफिसात सगळीकडे एकच इन्स्क्रिप्ट मांडणी ठेवली की नवी भर थांबते.

याउलट नावात विसर्गचिन्हासारखे कोलन किंवा प्रश्नचिन्ह लिनक्सवर चालते, विंडोजवर नाही. ‘बिल:१२’ टॅलीच्या मशीनवर उतरतच नाही.

ॲप येईपर्यंत

दोन मार्ग रुळलेले आहेत. पहिला क्रिप्टोमेटर: कोणत्याही साध्या क्लाउडच्या फोल्डरात तिजोरी बनवायची आणि ती उघडली की दिसणाऱ्या ड्राइव्हमध्येच काम करायचे. कूटबद्धीकरण फाइलगणिक होते, त्यामुळे बदललेली फाइलच पुन्हा चढते. व्हेराक्रिप्टच्या एकसंध डब्यात किंचित बदल झाला तरी अनेक सेवा अख्खा डबा पुन्हा पाठवतात. एका मशीनवरचे सिंक पूर्ण होण्याआधी दुसऱ्यावर तीच फाइल उघडली की संघर्षप्रती (एकाच फाइलीच्या परस्परविरोधी प्रती) तयार होतात.

दुसरा आरक्लोन. आधी मूळ साठ्याची जोडणी करायची, मग तिच्यातल्या एका उपफोल्डरवर ‘क्रिप्ट’ जोडणी बसवायची. पासवर्ड आणि सॉल्ट (त्यात मिसळला जाणारा दुसरा पासवर्ड) दोन्ही कागदावर उतरवून ठेवावेत. एक हरवले तरी साठा गेला. कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड फक्त धूसर केलेला असतो, कुलूपबंद नसतो, म्हणून कॉन्फिगला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. सुरुवातीला ‘कॉपी’ वापरावे आणि आधी ‘ड्राय रन’ (प्रत्यक्ष काही न बदलता चाचणी) करावे. ‘सिंक’ आज्ञा उगमात नसलेले गंतव्यावरून पुसते. दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकामे फोल्डर भरलेल्याला रिकामे करते. शेवटी ‘क्रिप्टचेक’ने पडताळणी. साठा माउंट करून (ड्राइव्हसारखा जोडून) लिबरऑफिसमध्ये थेट काम करायचे असेल तर व्हीएफएस कॅश (माउंटची तात्पुरती साठवण) ‘फुल’ ठेवावी, नाहीतर जतन करताना चूक येते.

वीज आल्यावर मशीन आपोआप लॉगिन होईल अशी मांडणी बरेच जण करतात. तशाने ग्नोमची कीरिंग (पासवर्ड जपणारी तिजोरी) कुलूपबंदच राहते, कारण ती उघडणारा पासवर्ड कोणी टाकलेलाच नसतो. सिंक ॲप किल्ली मागत थांबते, आणि रविवारी रात्री सुरू झालेले मशीन सोमवारी सकाळपर्यंत काहीच वर पाठवत नाही.

मागणी नोंदवताना

‘लिनक्स द्या’ एवढ्याने चमूला काही करता येत नाही. कोणते वितरण (उबुंटू, मिंट वगैरे) व आवृत्ती, डेस्कटॉप ग्नोम की केडीई, पडद्याची यंत्रणा वेलँड की एक्स११, कोणती फाइलसिस्टिम, फोल्डर व फाइलींची अंदाजे संख्या, आणि दुतर्फा सिंक हवे की एकतर्फी बॅकअप पुरे, एवढे लिहावे. एकतर्फी बॅकअप पुरत असेल तर तसे स्पष्ट सांगावे: खिडकी आणि ट्रेचिन्ह नसलेला टर्मिनल प्रोग्राम बनवणे कंपनीला कितीतरी सोपे जाते, आणि वरच्या बहुतेक अडचणी त्याला लागूच होत नाहीत.