सिंकखालचं वाटीभर पाणी

दिवाळीच्या फराळाची भांडी घासून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिंक तुंबलं. पाणी उतरायलाच तयार नाही, आणि उतरलंच तर शेवटी गुडगुड गुडगुड आवाज आणि मग थोड्या वेळाने तो ओळखीचा कुजका वास. प्लंबर आला, सिंकखालची प्लास्टिकची बाटली, म्हणजे ट्रॅप, फिरवून काढली, आतून काळा गाळ निघाला, त्यात भाताची शितं, चहाचा चोथा आणि एक चिंचोका. मी विचारलं, दादा हे दर तीन-चार महिन्यांनी का होतं? तर म्हणाला, "ताई, कचरा अडकावा म्हणूनच ट्रॅप असतो ना, नावातच आहे की."

तेव्हा पटलं. नंतर जरा वाचल्यावर कळलं की हे अगदी उलटं आहे, आणि आपल्याकडच्या सिंकांचे निम्मे आजार याच एका गैरसमजातून येत असावेत असं आता मला वाटतं.

ट्रॅपने अडकवायचं असतं फक्त पाणी. तेही वाटीभर. पाईपला मुद्दाम वाक दिलेला असतो, त्या खोलगट भागात शेवटचं थोडं पाणी राहतं आणि ते पाणी म्हणजेच दार. खालच्या गटारात ऑक्सिजन नसताना जगणारे जिवाणू अन्नाचे आणि साबणाचे अंश खातात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच, आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट आहे की हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी वास येतो. हा वायू आणि त्याच्यासोबत झुरळं, चिलटं वर येऊ नयेत म्हणून ते पाणी. प्लंबिंगच्या भाषेत याला वॉटर सील म्हणतात आणि त्याची खोली साधारण 50 मिलिमीटर ठेवतात.

आता गंमत बघा. 50 मिमी पाण्याचा दाब भरतो जेमतेम 500 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्का. पाईपमधल्या हवेचा दाब इतकासा इकडेतिकडे झाला तरी हे दार डळमळतं. वरच्या मजल्यावरच्यांनी बादलीभर पाणी एकदम ओतलं की ते पाणी उभ्या पाईपमधून खाली जाताना मागे हवा ओढतं, आणि ती हवा मिळाली नाही तर तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढतं. ते गुडगुड म्हणजे ट्रॅप आपलं पाणी गमावतोय त्याचा आवाज. आपण मात्र ऐकून म्हणतो, चला, उतरलं एकदाचं.

या वाकड्या पाईपचं पेटंट 1775 सालचं आहे, लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीचं. त्याने तो संडासासाठी केला होता आणि आकार होता इंग्रजी एस अक्षरासारखा: खाली, वर, परत खाली. दिसायला सुटसुटीत. पण शेवटचा पाय सरळ खाली जातो तिथेच घोळ आहे, कारण पाणी तो पाईप पूर्ण भरून खाली कोसळलं की सायफन सुरू होतो, पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढतात ना तसा, आणि मागचं सीलचं पाणीही त्याच्याबरोबर निघून जातं. म्हणून पुढे पी आकाराचा ट्रॅप रुळला. वाक तोच, पण नंतर पाईप भिंतीकडे जवळजवळ आडवा जातो, आणि पुढे कुठेतरी त्याला हवा मिळायची सोय असते. हवा मिळाली की सायफन तुटतो. आपल्याकडे बऱ्याच किचनमध्ये सिंकचा पाईप सरळ खाली फरशीत घुसतो, म्हणजे नकळत एस ट्रॅपच झाला. त्यातल्या त्यात सिंकचा तळ सपाट असतो ते आपलं नशीब, कारण शेवटचं पाणी हळूहळू निथळत येतं आणि ट्रॅप पुन्हा थोडाफार भरतो.

आता त्या बाटलीकडे येऊ. बॉटल ट्रॅपमध्ये पाणी मधल्या नळीतून खाली पडतं, बाटलीच्या तळाशी वळतं आणि नळीच्या बाहेरच्या रुंद जागेतून वर चढून जातं. जागा रुंद झाली की वेग पडतो, आणि वेग पडला की जड कण खाली बसतात, नदी धरणाच्या जलाशयात शिरली की गाळ टाकते तेच. बेसिनला हे चालतं, तिथे येऊन येऊन येणार काय तर साबण आणि दोन केस. किचनच्या सिंकला मात्र नाही! पी ट्रॅपमध्ये आतला व्यास सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, पाण्याचा वेग टिकतो, दाणे-चोथा रेटत पुढे जातो. चांगला ट्रॅप स्वतःला स्वतःच धुतो. म्हणजे प्लंबरदादांच्या बाटलीत कचरा अडकत होता तो डिझाइनचा गुण नव्हता, तो दोष होता.

बाटलीचं एक मात्र मान्य, जागा कमी लागते आणि हाताने उघडता येते. पण पी ट्रॅपलाही तळाशी बूच असलेला प्रकार मिळतो, आणि सिंकचं भोक मधोमध न ठेवता मागच्या कोपऱ्यात घेतलं की पाईप भिंतीला चिकटून जातो आणि खाली गॅसचा सिलिंडर नाहीतर डस्टबिन आरामात बसतो. इतकी साधी सुधारणा, पण सिंक विकत घेताना आपण स्टीलची चकाकी आणि खोली बघतो, भोक कुठे आहे ते कोण बघतंय.

खरा खलनायक आहे तेलतूप. वनस्पती तूप 31 ते 41 अंशाला वितळतं, म्हणजे थंडीत पाईपमध्ये ते गोठणारच. लोक म्हणतात गरम पाणी ओता. ओता, पण वितळलेलं तूप दहा फूट पुढे जाऊन डक्टमधल्या गार पाईपमध्ये परत थिजतं, म्हणजे आपला त्रास सोसायटीच्या नावावर. शेंगदाण्याचं तेल थिजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, गटारात तेल फुटून फॅटी ॲसिड होतात आणि ती कॅल्शियमशी जुळून दगडासारखा साबण बनतो. बोअरचं जड पाणी असेल तर कॅल्शियमला तोटा नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये असाच 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा गटारात सापडला होता, त्याचा तुकडा नंतर म्युझियममध्ये ठेवला! हॉटेलांच्या मागे ग्रीस ट्रॅप असतो तो यासाठीच, त्यात पाणी मुद्दाम संथ आणि गार करतात, तेल वर तरंगतं, मग काढून टाकतात. तो खरा अडकवणारा ट्रॅप. घरच्या ट्रॅपचं काम नेमकं उलटं, आणि दोघांना एकच नाव पडल्यामुळे सगळा गोंधळ.

(खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या फेसाबद्दल: दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी. फेस छान दिसतो, बाकी काही नाही. कॉस्टिक सोड्याने चरबीचा साबण होतो हे खरं, पण तो प्रचंड तापतो, डोळे-हात सांभाळा आणि त्यावर ॲसिड कधीच ओतू नका.)

सीलचं पाणी गेलं तर फक्त वास येतो असं समजू नका. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या साथीच्या रोगाची लागण 300 च्या वर लोकांना झाली. तपासात जे पुढे आलं त्यात बाथरूमच्या फरशीतले कोरडे ट्रॅप हे एक मोठं कारण होतं. लोक फरशी धूत नव्हते, नुसती पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणीच नाही, आणि एग्झॉस्ट फॅन लावला की सांडपाण्याच्या पाईपमधली हवा तुषारांसकट घरात. आपल्याकडे ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तोच हा. म्हणून मे महिन्यात घर बंद करून गावी जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल टाकून जायचं, तेलाच्या थराने पाणी उडून जायचं प्रमाण कमी होतं.

पाणीच नको असाही एक उपाय निघालाय. त्यात लवचिक पडद्याची चपटी नळी असते, पाणी आलं की उघडते आणि गेलं की ओठ मिटल्यासारखी मिटते. सुकायची भीती नाही, सायफनची नाही. पण कोथिंबिरीची काडी ओठात अडकली की दार उघडंच, त्यामुळे आपल्या स्वयंपाकाला ती किती झेपेल याची मला शंका आहे. त्यापेक्षा हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह मला आवडला. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात तो आला. पाईपमध्ये ओढ निर्माण झाली की उघडून हवा आत घेतो, एरवी बंद, म्हणजे गच्चीपर्यंत वेगळा पाईप न नेता गुडगुड थांबते.

आम्ही शेवटी एवढंच केलं: बाटली काढली, तो वळ्यावळ्यांचा वेस्ट पाईपही काढला कारण त्याच्या प्रत्येक वळीत तुपाचा थर बसला होता, गुळगुळीत पीव्हीसीचा पी ट्रॅप लावला, पुढच्या पाईपला मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार दिला आणि फरशीच्या भोकात पाईपभोवतीची फट रबरी रिंगने बंद केली. वर बारीक जाळी, कारण कचरा अडवायचाच तर तो वर अडवावा. कढया आता आधी रद्दीने पुसते मग घासते. प्लंबरदादा म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता म्हणून लावतो, पण आतला कचरा काढणार कसा?"

गुडगुड थांबली, वास गेला. झुरळं मात्र अजून येतात, आरओच्या वेस्टच्या नळीसाठी भिंतीत पाडलेल्या भोकातून, आणि ते भोक मीच हट्टाने मोठं पाडून घेतलं होतं.