ढगांआडचा पूर आणि उड्डाणाआधीची तयारी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की कोल्हापुरात दिवसाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे मोबाइलवर फिरणारा उपग्रहाचा पूरनकाशा. पसरलेली पंचगंगा, मध्येच बेटासारखी उरलेली गावं. चिखली-आंबेवाडीला पाण्याने कुठून वेढा घातलाय, शिरोळ तालुक्यात रान कुठवर बुडालंय, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कुठे गायब झालाय, हे सगळं त्यात दिसतं.

मात्र त्या दिवसांत कोल्हापूरवरचं आभाळ आठ-आठ दिवस फाटत नाही. साधा कॅमेरा असलेला उपग्रह वरून गेला, तर त्याला ढगांची पाठ तेवढी दिसते. पूर पाहायला रडार लागतं. स्वतः लहरी सोडायच्या, ढग भेदून त्या जमिनीपर्यंत न्यायच्या आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार करायचं. स्थिर पाण्यावरून लहरी दुसरीकडेच निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. असा उपग्रह घडवणं, तपासणं आणि धडधाकट अवस्थेत रॉकेटवर चढवणं भारताला एका झटक्यात जमलेलं नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशाच रीतीने ही विद्या आली आहे.

सुरुवात उपग्रहापासून नव्हे, नारळापासून झाली. १९७०च्या सुमारास केरळातल्या बागांमध्ये नारळाची झाडं रोगाने वाळत होती. प्रा. पिशारोत रामा पिशारोती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा लावून अवरक्त फिल्मवर त्या बागांची छायाचित्रं घेतली. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, आजारी पान कमी. त्यामुळे जमिनीवरून एकसारखी हिरवी वाटणारी झाडं फिल्मवर वेगवेगळी उमटली. पानांचा हाच गुण पुढे पीक मोजण्याच्या कामी आला. देशातल्या साखर कारखान्यांची संघटना गाळप हंगामाच्या आधी उसाखालच्या क्षेत्राचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून बांधते. कोल्हापूर-सांगलीतला उसाचा पट्टाही त्या हिशेबात धरलेला असतो.

पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार इथून गेला. प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तो बेंगळुरूजवळ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तयार झाला. वजन ३६० किलो. संदेश घेण्याच्या केंद्रासाठी जागा अपुरी पडली म्हणून तिथलं एक स्वच्छतागृह रिकामं करून वापरलं गेलं. ही गोष्ट आता सगळीकडे कौतुकाने सांगितली जाते. पाचव्या दिवसाच्या आसपास वैज्ञानिक उपकरणांचा वीजपुरवठा बंद पडला, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. शिकवण तर त्यातूनच मिळाली.

पुढचा टप्पा भास्कर-१, ७ जून १९७९. पृथ्वीकडे पाहण्यासाठी भारताने बनवलेला हा पहिला उपग्रह. त्यावर दोन टीव्ही कॅमेरे होते आणि समुद्र व हवेतली आर्द्रता मोजणारा सूक्ष्मलहरी मापक. मापक चालला, पण कॅमेऱ्याने दगा दिला. कॅमेऱ्याच्या आत उच्च दाबाची वीज असते. नेहमीच्या हवेत ती सुरक्षित असते, पूर्ण निर्वातातही सुरक्षित असते. घात होतो तो मधल्या अवस्थेत. पेटीत थोडासा वायू अडकून विरळ झाला की वीज त्यातून ठिणगीसारखी निसटते. भास्करमध्ये नेमका असाच वायू अडकून राहिला होता. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही. साच्यातला वायू बाहेर पडला नाही तर कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं आणि मशीनवर पहिला कट घेतल्यावर ब्लो होल उघडं पडतं. इथे मात्र कास्टिंग पाचशेहून अधिक किलोमीटर उंचीवर फिरत होतं, ते वितळवून पुन्हा ओतायची सोय नव्हती. तो वायू हळूहळू झिरपून जाईपर्यंत वाट पाहणं एवढंच हाती होतं. जवळपास वर्षभराने कॅमेरा सुरू झाला आणि चित्रं आली. नोव्हेंबर १९८१मध्ये भास्कर-२ गेला, तोवर हा धडा पाठ झाला होता.

त्याच वर्षी ॲपल हा दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो कधी गरिबीचं चित्र म्हणून फिरतो, तर कधी जुगाडाचं. दोन्ही चूक. उपग्रहाच्या अँटेनाची मोकळ्या मैदानात तपासणी करायची होती आणि धातूच्या ट्रकवरून परतलेल्या लहरींनी मोजमाप बिघडलं असतं. लाकडी गाडी ही त्या चाचणीसाठी विचार करून केलेली निवड होती. उपग्रहाच्या आजूबाजूला काय आहे याचीही मोजमापाइतकीच काळजी घ्यायची असते, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

प्रयोगाचा काळ १७ मार्च १९८८ रोजी संपला. आयआरएस-१ए हा ९७५ किलोचा उपग्रह बायकोनूरहून सोव्हिएत रॉकेटवर गेला. भास्करच्या दोन्ही मोहिमांचे प्रकल्प संचालक डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्याकडेच याचीही सूत्रं होती. एक फरक मोठा होता. आर्यभट आणि भास्कर सोव्हिएत मैत्रीच्या खात्यात गेले होते, या उड्डाणासाठी पैसे मोजले होते. त्याच्या एका कॅमेऱ्याला जमिनीवरचा ७२.५ मीटरचा चौकोन हा एक ठिपका दिसे, दुसऱ्याला ३६.२५ मीटरचा. रंकाळा त्यात ओळखू आला असता, महाद्वार रोड नाही. दर २२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जाई. पाटबंधारे, वनं, पडीक जमीन यांचे नकाशे सरकारी कामकाजात नियमाने येऊ लागले ते इथून पुढे.

तयारीची आजची पद्धतही याच काळात बसत गेली. उपग्रह बेंगळुरूत क्लीनरूममध्ये जोडला जातो. टोपी, अंगभर झगा, पायात आवरण, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. कॅमेऱ्याच्या आरशावर बसलेली धूळ आकाशात पुसता येत नाही आणि अंगातल्या स्थिर विजेचा एक झटका महिन्यांची मेहनत घालवू शकतो. मग त्याचे हाल सुरू होतात. शेकरवर बसवून रॉकेट हादरवेल तसा हादरवायचा. ध्वनिकक्षात भोंग्यांसमोर ठेवून १४० डेसिबलच्या वरच्या आवाजात उभा करायचा, कारण उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत आवाजच पातळ पत्रे आणि सौर पंख खिळखिळे करू शकतो. एका काळी हे काम बेंगळुरूच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या कक्षात होत असे.

सगळ्यात लांबलचक चाचणी थर्मोव्हॅकची. मोठ्या पोलादी कक्षातली हवा काढून टाकायची, भिंती द्रव नायट्रोजनने गारठवायच्या आणि उपग्रहाला आलटून पालटून तापवायचा व थंड करायचा. अवकाशात सूर्याकडची बाजू भाजते तेव्हा सावलीतली गोठत असते, आणि उष्णता वाहून न्यायला हवा नसते. हे दिवसरात्र चालतं. अभियंते पाळ्या लावून पडद्यावरचे आकडे पाहत बसतात आणि दर फेरीत प्रत्येक उपकरण चालू-बंद करून बघतात. सांध्यांत, चिकटद्रव्यांत, तारांच्या वेष्टनांत लपलेले वायूही इथेच बाहेर काढले जातात. भास्करच्या कॅमेऱ्याने शिकवलेला धडा या कक्षात गिरवला जातो.

श्रीहरिकोटाला पोहोचल्यावर पुन्हा तपासणी, मग इंधन. हायड्रेझिन हे विषारी इंधन भरताना माणसं डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट घालतात, बाकीच्यांना इमारतीबाहेर काढतात. नंतर उपग्रह रॉकेटच्या माथ्यावर बसवून हीटशील्ड बंद केली की त्याला हात लावणं जवळपास संपतं.

उड्डाणाची वेळ मुहूर्त पाहून ठरवत नाहीत, कक्षा पाहून ठरवतात. पृथ्वी पाहणारे बहुतेक उपग्रह ठरावीक जागेवरून दर वेळी साधारण एकाच स्थानिक वेळेला जातात, म्हणजे सावल्या सारख्या पडतात आणि आधीच्या चित्राशी आजचं ताडून पाहता येतं. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला सकाळचं स्वच्छ ऊन हवं, म्हणून २००५ सालचा कार्टोसॅट-१ सकाळी दहाच्या सुमारास उडाला. रडारला उजेडाची गरज नाही, वीज मात्र भरपूर लागते. म्हणून त्याला पहाट-संध्याकाळच्या सीमेवरून फिरवतात, तिथे सौर पंखांवर जवळपास कायम ऊन असतं. बातमीत उड्डाण पहाटे सहाच्या आगेमागे दिसलं, तर वर रडार आहे असं बहुधा खुशाल समजावं.

एवढं करूनही रॉकेटने साथ द्यावी लागते. पीएसएलव्ही या भारतीय रॉकेटचं पहिलंच उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी फसलं आणि आयआरएस-१ई बंगालच्या उपसागरात गेला. ऑगस्ट २०२१मध्ये ईओएस-०३, पुढच्या ऑगस्टमध्ये ईओएस-०२, मे २०२५मध्ये ईओएस-०९ हे पृथ्वी पाहणारे उपग्रहही असेच वाया गेले. यातलं ईओएस-०२चं प्रकरण तयारीच्या दृष्टीने फार बोलकं आहे. एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या त्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा सुटताना क्षणभर अपेक्षेपेक्षा जास्त कंपनं झाली, वेगवाढ मोजणारे संवेदक गोंधळले आणि रॉकेटच्या संगणकाने त्यांनाच बिघडलेलं ठरवलं. संवेदक धड होते. उपग्रह मात्र चुकीच्या कक्षेत सुटून वाया गेला.

आता कोल्हापूरला थेट लागणारा भाग. रिसॅट-१ हा भारतीय बनावटीचा पहिला रडार उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी गेला. आयुष्य पाच वर्षांचं धरलं होतं, २०१७ पर्यंत तो संपला. त्याच्या जागी त्याच जातीचा ईओएस-०४ गेला तो १४ फेब्रुवारी २०२२ रोजी. मधली पाच वर्षं आपल्याला आठवावी लागत नाहीत. २०१९ आणि २०२१चे दोन्ही महापूर त्यातच आले, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला. त्या पुरांच्या अभ्यासात युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं वारंवार दिसतात, कारण ती सगळ्यांना फुकट मिळत होती. दुसऱ्याचा उपग्रह वापरण्यात कमीपणा काही नाही. पण कोणता उपग्रह आधी पाठवायचा याची रांग लावताना पुराच्या खोऱ्यातल्या माणसांचा नंबर मागे राहिला, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरू नये.

निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त रडार उपग्रहाची कथा त्याहून लांबलेली. इस्रो आणि नासाचा करार ३० सप्टेंबर २०१४चा, उड्डाण ३० जुलै २०२५चं. अहमदाबादला बनलेलं एस-बँड (आखूड लहरींचं) रडार २०२१मध्ये कॅलिफोर्नियाला गेलं, तिथे नासाच्या एल-बँड (लांब लहरींच्या) रडारशी जोडलं गेलं आणि मार्च २०२३मध्ये ही जोडी मालवाहू विमानाने बेंगळुरूला आली. थर्मोव्हॅकसह बऱ्याच चाचण्या झाल्या. २०२४मध्ये उड्डाण होणार असं वाटत असताना घोडं अडलं ते १२ मीटर व्यासाच्या जाळीदार परावर्तकापाशी. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची ही जाळी छत्रीसारखी मिटवून पाठवायची असते. अशी मिटलेली असताना ती ठरवल्यापेक्षा जास्त तापेल, असं हिशेबातून दिसलं. परावर्तक पुन्हा कॅलिफोर्नियाला गेला. त्यावर ऊन परतवणारं आवरण चढवलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये तो परत आला. तेवढ्यात नवी अडचण. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उपग्रह प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीच्या सावलीत जाणार होता आणि परावर्तक उघडताना असा तापमानातला चढउतार चालणार नव्हता. म्हणजे आणखी थांबणं आलं. वर्तमानपत्रांत याला विलंब म्हणून नावं ठेवली गेली. १५ ऑगस्ट २०२५ रोजी कक्षेत ती छत्री व्यवस्थित उघडली. आधी लागलेल्या महिन्यांचा हिशेब त्यात धरायला हवा.

निसारने पूरनकाशांचा प्रश्न सुटला असं मात्र समजू नये. त्याची फेरी १२ दिवसांची आहे, त्यात एखादी जागा येता-जाता साधारण दोनदा दिसते. खचणारे डोंगर, मातीतला ओलावा, धरणांच्या भिंतींजवळची हालचाल यांसाठी हे उत्तम. भुदरगड-राधानगरीच्या दरडींना त्याचा उपयोग व्हावा. पंचगंगा मात्र दोन दिवसांत पंधरा फूट चढू शकते, सहा दिवसांनी आलेलं चित्र तोवर शिळं झालेलं असतं. त्यासाठी एका जातीचे तीन-चार रडार उपग्रह एकाच वेळी वर असावे लागतात. ईओएस-०४च्या जोडीला जाणारा ईओएस-०९ पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याने घालवला. त्याच्या जागी दुसरा करायचा म्हणजे शेकर, ध्वनिकक्ष, थर्मोव्हॅक हे सगळं पहिल्यापासून आलं.