क्लाउड आभाळात नाही

‘क्लाउडवरचे फोटो उपग्रहात राहतात, त्यांना वीज-पाणी लागत नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नावच तसं, समज होणं साहजिक आहे.

फोटो असतात जमिनीवरच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हरांनी (मोठ्या संगणकांनी) भरलेल्या इमारतींमध्ये. पडताळा घरीच घ्या. टीव्हीच्या डिशला सिग्नल देणारे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच. तिथं जाऊन यायलाच सुमारे २४० मिलिसेकंद लागतात. नागपुरातून ब्रॉडबँडवर मुंबईच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजा; उत्तर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या आत येतं. वाट केबलची आहे.

आणि पाणी? मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या भिजवत आपला कूलर बादल्यांमागून बादल्या पितो ना, अनेक डेटा सेंटरं तशीच बाष्पीभवनाने थंड होतात. एआयच्या चिप जास्त वीज खातात, जास्त तापतात. २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली, असा अंदाज आहे.