बेसिकची कॉमेंट एका ओळीतच का अडकली?

कॉमेंट म्हणजे प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी लिहिलेली, संगणकाने वगळायची टीप. सी, जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये /* आणि */ या खुणांच्या मध्ये कितीही ओळी लिहा, कंपायलर त्या सोडून देतो. बेसिक भाषेच्या मायक्रोसॉफ्टने काढलेल्या व्हिज्युअल बेसिक या अवतारात अशी जोडीच नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ' हे चिन्ह द्यावे लागते, मग ओळी दोन असोत की दोनशे. इतर भाषांतून आलेले प्रोग्रॅमर याला भाषेची उणीव म्हणतात, काही जण तर भाषा बनवणाऱ्यांचा विसरभोळेपणा. मला हे पटत नाही. बेसिकमध्ये ओळ म्हणजे काय, याचा इतिहास पाहिला की ही सोय इतकी वर्षे का आली नाही आणि नंतर बेसिकच्या काही बोलींमध्येच, म्हणजे वेगवेगळ्या अवतारांपैकी मोजक्यांतच, का आली, याचा उलगडा होतो.

बेसिकचा जन्म डार्टमथ कॉलेजमधला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांच्या देखरेखीखाली १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास या भाषेतले पहिले प्रोग्रॅम चालले. त्या वेळी कॉमेंटच्या दोन पद्धती रूढ होत्या. फोरट्रानमध्ये पंचकार्डाच्या पहिल्या रकान्यात सी हे अक्षर असले की ते अख्खे कार्ड कॉमेंट ठरे. एक कार्ड म्हणजे एक ओळ. आल्गोल ६० मध्ये कॉमेंट हा शब्द आला की पुढचा अर्धविराम येईपर्यंतचा मजकूर वगळला जाई, मग तो किती ओळींवर पसरला आहे याला महत्त्व नसे. पीएल/वन या भाषेने /* */ ही जोडी वापरली आणि पुढे सीने तीच उचलली. म्हणजे अनेक ओळींची कॉमेंट १९६४ मध्येही नवलाईची गोष्ट नव्हती. केमेनी आणि कर्ट्झ यांना फोरट्रान आणि आल्गोल दोन्ही ठाऊक होत्या. तरी त्यांनी घेतले ते रेम, म्हणजे रिमार्क. ओळीला क्रमांक द्यायचा, रेम लिहायचे आणि पुढे ओळ संपेपर्यंत काय हवे ते.

याचे कारण प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीत आहे. विद्यार्थी टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या, कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर बसत. समोर पडदा नव्हता, त्यामुळे मागच्या ओळीवर जाऊन दुरुस्ती करण्याचा प्रश्नच नव्हता. ओळ १२० चुकली तर १२० हा क्रमांक देऊन ती पुन्हा टाइप करायची. नुसता १२० टाइप केला की ती ओळ पुसली जाई. ११० आणि १२० यांच्यामध्ये काही घालायचे असेल तर ११५ लिहायचे. थोडक्यात, क्रमांक लावलेल्या सुट्या ओळींचा संच म्हणजे प्रोग्रॅम, आणि प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण.

आता अशा प्रोग्रॅममध्ये ओळ १०० वर सुरू होऊन १५० वर संपणारी कॉमेंट आहे अशी कल्पना करा. कुणी १५० ही ओळ पुसली तर? पुढचा सगळा प्रोग्रॅम कॉमेंटमध्ये जाईल. कुठून तरी 'गोटू १२०', म्हणजे ओळ १२० वर जा, असा हुकूम आला तर? ओळ १२० ही कॉमेंट की चालवायचे विधान, हे त्या ओळीकडे पाहून कळणार नाही, वर जाऊन शोधावे लागेल. रेममध्ये असा प्रश्नच येत नाही, कारण रेम हे स्वतःच एक विधान आहे. काहीही न करणारे, पण विधानच. गोटू किंवा गोसबने (सबरूटीन, म्हणजे उपप्रोग्रॅम, चालवून परत येण्याचा हुकूम) थेट रेमच्या ओळीवर उडी मारता येई आणि प्रोग्रॅम मुकाट्याने पुढच्या ओळीवर जाई. म्हणून तर सबरूटीनच्या पहिल्याच ओळीवर रेम लिहून तिला नाव देण्याची पद्धत पडली. मुळात सबरूटीनला नावे नसलेल्या भाषेत रेम हेच नाव झाले.

१९७५ नंतर घरगुती संगणकांमध्ये मायक्रोसॉफ्टचे इंटरप्रिटर आले आणि ओळीची पकड आणखी घट्ट झाली. डार्टमथचे बेसिक निदान कंपाइल होत असे. इथे इंटरप्रिटर एकेक ओळ वाचत जाई, आणि मेमरी तर मुठीएवढी. कमोडोर व्हिक-२० सुरू केला की ३५८३ बाइट मोकळ्या असल्याचे पडद्यावर दिसे. प्रत्येक ओळीमागे पुढच्या ओळीचा पत्ता २ बाइट, ओळ क्रमांक २ बाइट, रेमचे टोकन (शब्दाऐवजी साठवलेला संकेतांक) १ बाइट आणि शेवटचे शून्य १ बाइट, असे ६ बाइट मजकुराआधीच खर्ची पडत. ३० अक्षरांच्या दहा ओळींची प्रस्तावना लिहिली की ३६० बाइट, म्हणजे मोकळ्या मेमरीचा दहावा हिस्सा गेला. शिवाय मागे उडी मारणारा गोटू ओळींची साखळी पहिल्या ओळीपासून चाळत जाई आणि वाटेतली प्रत्येक रेम त्याला ओलांडावी लागे. म्हणून सल्ला असायचा की रेम प्रोग्रॅमच्या शेवटी ठेवा, नाहीतर काढून टाका. ज्या काळात कॉमेंट काढण्यासाठी स्वतंत्र उपयुक्त प्रोग्रॅम लिहिले जात होते, त्या काळात लांब कॉमेंटची सोय मागणार कोण?

या इंटरप्रिटरच्या पोटातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ६५०२ प्रोसेसरसाठीच्या मायक्रोसॉफ्ट बेसिकमध्ये इफची अट खोटी ठरली की इंटरप्रिटर थेट रेमच्या कोडमध्ये उतरतो. दोन्हींचे काम एकच आहे, ओळीचे उरलेले टोक गाठणे. कॉमेंट म्हणजे वगळायचा मजकूर, आणि वगळायचे ते ओळीच्या अंतापर्यंत, हे गृहीतक इतके खोल रुजलेले होते.

रेम वगळली जाते या खात्रीचा उपयोग भलत्याच कामासाठीही झाला. १९८१ च्या झेडएक्स८१ संगणकात मशीन कोड, म्हणजे प्रोसेसर थेट चालवतो तो कोड, ठेवायला सुरक्षित जागा हवी असे. लोक पहिल्याच ओळीत लांबलचक रेम लिहीत आणि तिच्या अक्षरांच्या जागी मशीन कोडचे बाइट भरत. ती जागा नेहमी १६५१४ या पत्त्यावर सुरू होई. बेसिक त्या ओळीला हात लावत नसे आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवला की मशीन कोडही सोबत साठे. ही युक्ती करणाऱ्यांची कल्पकता खरोखर दाद देण्याजोगी आहे.

अपॉस्ट्रॉफी हे रेमचे लघुरूप म्हणून आले. लिहिताना ते सुटसुटीत होते, कारण विधानानंतर कोलन न देता कॉमेंट जोडता येई. पण मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकच्या आत त्या एका चिन्हाचे तीन बाइट होत: कोलन, रेमचे टोकन आणि स्वतःचे टोकन. दिसायला नवे, आत जुनीच रेम. डिजिटल इक्विपमेंटच्या बेसिक-प्लसने आणि पुढे केमेनी-कर्ट्झ यांच्या १९८५ च्या ट्रू बेसिकने उद्गारचिन्ह वापरले. तेही ओळीच्या अंतापर्यंतच.

मायक्रोसॉफ्टच्याच क्विकबेसिकच्या काळात ओळ क्रमांकांची सक्ती गेली. खरे तर हाच क्षण होता. नावाचे लेबल आले, सब आणि फंक्शन आले, पूर्ण पडद्याचा एडिटर आला. पण त्या एडिटरचे वैशिष्ट्यच असे की तुम्ही ओळीवरून हलताच तो ती तपासून नीट मांडून देई. व्हिज्युअल बेसिकने १९९१ मध्ये हीच सवय पुढे नेली. ओळ तेवढ्यातच तपासायची तर ती स्वतःपुरती कळली पाहिजे. वर कुठेतरी उघडलेली कॉमेंट खाली पन्नास ओळींचा अर्थ बदलत असेल तर ही तत्परता राहत नाही. क्रमांक गेले, तरी ओळ हेच एकक राहिले.

पळवाटा मात्र निघाल्या. व्हिज्युअल बेसिक ४ पासून ओळीच्या शेवटी मोकळी जागा आणि अंडरस्कोर देऊन विधान पुढच्या ओळीवर नेता येऊ लागले आणि कॉमेंटलाही ते लागू झाले. अनेक ओळींची कॉमेंट म्हणता येईल असे व्हिज्युअल बेसिकमध्ये आले ते एवढेच. त्यालाही एका विधानात २४ जोडण्यांची मर्यादा, आणि कॉमेंटच्या शेवटी चुकून अंडरस्कोर पडला तर खालची चालू ओळ गुपचूप नाहीशी. व्हिज्युअल बेसिकच्या पुढच्या, डॉटनेट आवृत्तीत कॉमेंट अशी पुढे नेणे बंद झाले, ते बरेच झाले. दुसरी वाट #इफ फॉल्स ते #एंड इफ, म्हणजे मधला भाग वगळ असे कंपायलरला सांगणारी जोडी. कोडचा मोठा तुकडा तात्पुरता बंद करायला हा मार्ग उत्तम आहे आणि मी तोच सुचवेन, पण समजावून सांगणारा मजकूर लिहायची ती जागा नव्हे.

ज्या बोलींना जुन्या एडिटरचे ओझे नव्हते त्यांनी मार्ग वेगळा धरला. यात गेम बनवणाऱ्यांसाठीची बेसिक पुढे होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. डार्कबेसिकने रेमस्टार्ट आणि रेमएंड दिले. ब्लिट्झमॅक्सने रेम आणि एंड रेम. या दोघांनी बेसिकचा मूळ स्वभाव ओळखला होता असे मला वाटते: इफला एंड इफ, सबला एंड सब, तर रेमला एंड रेम. बेसिकसारख्याच वळणाच्या ऑटोइट या भाषेत #सीएस आणि #सीई आहेत, आणि ती जोडी एकात एक बसते. सीमध्ये हे चालत नाही. तिथे आतली */ खूण बाहेरची कॉमेंटही संपवते. म्हणून आधीच कॉमेंट असलेला कोड झाकताना ऑटोइटचा नियम अधिक भरवशाचा.

फ्रीबेसिकची /' आणि '/ ही जोडी मला सर्वांत विचारपूर्वक वाटते. फ्रीबेसिकला क्विकबेसिकचे जुने प्रोग्रॅम चालवायचे होते, त्यामुळे नवी खूण जुन्या कोडशी भिडता कामा नये होती. भागाकाराच्या चिन्हाला लागून अपॉस्ट्रॉफी आला तर जुन्या नियमाने पुढचे सगळे कॉमेंट होते आणि भागाकार अर्धवट राहतो. म्हणजे चालणाऱ्या जुन्या विधानात ही जोडी असूच शकत नाही. ही कॉमेंट ओळीच्या मध्येही लिहिता येते, तिच्यानंतर त्याच ओळीवर कोड चालू राहतो. बेसिकच्या घराण्यात ओळीचे बंधन इतके मोकळे झालेले क्वचित दिसते.

बाकीच्यांनी जुनाच नियम ठेवला. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये नवशिक्यांसाठी स्मॉल बेसिक काढली, तिच्यातही फक्त अपॉस्ट्रॉफी. व्हिज्युअल बेसिक १६.० मध्ये अंडरस्कोरच्या पुढे कॉमेंट लिहायची मुभा मिळाली, त्यामुळे अनेक ओळींवर पसरलेल्या विधानाच्या प्रत्येक ओळीला निदान स्वतःची टीप देता येऊ लागली. मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने भाषा म्हणून व्हिज्युअल बेसिकचा विस्तार पुढे करणार नसल्याचे जाहीर केले. तेव्हा तिथे /* */ सारखी जोडी येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या एडिटरमध्ये ओळी निवडायच्या आणि कंट्रोल धरून के, मग सी दाबायचे. तो प्रत्येक ओळीला अपॉस्ट्रॉफी लावून देतो, आणि के, मग यू दाबले की काढून घेतो.